डालग्याखालची पाच बदकं

टक्. टक्-टक्.

दुपारचं घर अगदी चिडीचूप होतं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जर्मनच्या ताटलीवर चोच आपटली आणि त्या एवढ्याशा आवाजानं पलंगावरची खुशी कूस बदलून कण्हली. तिच्या कपाळावर ओल्या रुमालाची घडी धरून बसलेल्या तिच्या आईनं, अश्लेषानं, माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. माझ्या पोटाखाली पाच बदकं होती. त्यांना ओठांवरच्या बोटाचं काय कळणार? पण त्यानंतर बराच वेळ ताटली वाजली नाही, हेही खरं.

मित्रांनो, मी एक जुनं डालगं आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. डालगं म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली मोठी टोपली. बाकीच्या टोपल्या तोंड वर करून बसतात, मी तोंड खाली करून बसतो. दिवस कलला की कोंबड्या, पिल्लं, बदकं माझ्याखाली घालायची आणि माझ्या डोक्यावर एक धोंडा ठेवायचा. मग मुंगूस येवो की बोका, आतल्याच्या पिसालाही धक्का लागायचा नाही. आतल्याला बाहेरच्यापासून जपायचं, एवढंच मला शिकवलेलं. आतल्यापासूनही कोणाला जपावं लागतं, हे मला फार उशिरा कळलं.

माझा जन्म तुळिंजचा. ९३ सालची गोष्ट. बाजाराच्या मागच्या बोळात मनोरमा नावाची बुरडीण राहायची. तिनं हिरवा बांबू चिरला, त्याच्या कामट्या भिजत घातल्या आणि मांडीवरचं तान्हं एका हातानं थोपटत दुसऱ्या हातानं मला विणायला घेतलं. मूल रडलं की वीण थांबायची, निजलं की पुढे सरकायची. त्यामुळे माझ्या अंगावरच्या काही ओळी घट्ट आहेत, काही सैल. नीट पाहिलं तर ते मूल कधी कधी जागं झालं होतं ते आजही ओळखता येईल.

मला विकत घ्यायला आली ती भागूबाई. खाडीकाठच्या पाड्यावरची, भातशेती करणारी, अंगानं काटक. तिनं मला उपडं घातलं आणि माझ्यावर सरळ एक पाय देऊन उभी राहिली.

“अगं मावशी, मोडशील,” मनोरमा म्हणाली.

“मोडला तं आतच कललेला बरा,” भागूबाई म्हणाली. मग पाय काढून तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. “कुरकुरत नाय. चांगला हाय.”

ती माझी पहिली शाबासकी. तशी शाबासकी पुन्हा फारशी मिळाली नाही, म्हणून लक्षात आहे.

भागूबाईचा पाडा म्हणजे पुढे खाचरं, मागे खाजण. खाजण म्हणजे भरतीचं पाणी येऊन-जाऊन राहतं ती दलदल. तिथे चिखल, तिथे खेकडे, तिथे गोगलगाई, म्हणजे बदकांची चैन. पण आमच्या घरी बदकं आली ती सांडोरच्या क्लेमेंटीनबायमुळे. क्लेमेंटीनबाय वाडीतली केळी आणि पालेभाजी घेऊन माणिकपूरच्या बाजारात बसायची, भागूबाई तिच्या शेजारी वाल आणि सुकट घेऊन. दोघींची मैत्री पाटीला पाटी लावून झालेली. पावसाळा सरत आला की क्लेमेंटीनबाय पदराखालून बदकाची अंडी काढून द्यायची. “नाताळाला दोन मला दे, बाकी तुझी,” हा दोघींचा करार.

आता बदकीण अशी, की अंडं घालते आणि विसरते. म्हणून आमच्याकडे अंडी बदकाची आणि उबवणार कोंबडी, अशी रीत. खुडूक झालेली, म्हणजे उबवायची ओढ लागलेली कोंबडी माझ्याखाली बसवायची. कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांत फुटतं, बदकाचं अठ्ठावीस दिवसांत. मधले सात दिवस ती कोंबडी अशी काही बावरायची, की भागूबाई येता-जाता तिला समजवायची, “बस गो बाय, तुजी नाय चूक. पोरां आलशी हायत.”

मग पिल्लं फुटायची. आई कोंबडी, पोरं बदकं. माझ्याच पोटाखाली सगळ्यांचा संसार, सगळ्यांना एकच ताटली, ताटलीत एकच पाणी. सकाळी बदकं फताड्या पायांनी डुलत खाजणात जायची. थंडीत लांबलांबच्या देशांतली रानबदकं तिथे उतरायची, त्यांच्यात मिसळून दिवसभर पोहायची आणि संध्याकाळी घरी येऊन कोंबड्यांच्याच ताटलीत चोच बुडवायची. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. पाहुण्यांत मिसळून आली म्हणायचो.

वर्षं गेली. भागूबाईचा नवरा काळूराम वारला. पाड्याच्या पलीकडे बिल्डिंगा उभ्या राहिल्या. नाक्यावर कापलेली कोंबडी मिळू लागली, तशी घराघरांतली डालगी गोठ्यात, मग चुलीत गेली. मीही तीन वर्षं पडवीत उताणा पडून होतो, पोटात तुटक्या चपला आणि दोरखंडाचे तुकडे घेऊन. पाठीवर निजणाऱ्याला पाठीचा उपयोग काय, असं वाटायचं.

मला तिथून काढलं ते खुशीनं. भागूबाईचा मुलगा अल्पेश, त्याची बायको अश्लेषा, आणि त्यांची ही लेक. अश्लेषा तुळिंजच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा कोंबडी अंगावर आली तरी स्टुलावर चढायची. खुशी मात्र रांगायला लागल्यापासून कोंबड्यांतच. एके दिवशी तिनं माझ्यातल्या चपला बाहेर फेकल्या, मला उपडं केलं आणि आत शिरून बसली. माझ्या फटींतून एक डोळा लावून आईला म्हणाली, “मम्मी, मी हरवले.” अश्लेषा सगळं घर शोधल्याचं नाटक करायची, परातीखाली बघायची, पिठाच्या डब्यात बघायची, आणि आतली पोर हसून हसून लोळायची. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस.

खुशी पाच वर्षांची झाली, त्या वर्षी क्लेमेंटीनबायनं पुन्हा अंडी दिली. सात पिल्लं निघाली. करारातली दोन नाताळाला सांडोरला गेली, उरली पाच. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या बदकिणीचं नाव खुशीनं फताडी ठेवलं. फताडी खुशीच्या मागे मागे न्हाणीपर्यंत जायची. खुशी भाताचं शीत ओठांत धरायची आणि फताडी ते हळूच चोचीनं काढून घ्यायची. अश्लेषा आधी ओरडायची. मग तिलाही ते बघायची सवय झाली. मग तर शेजारणीला बोलावून दाखवू लागली.

आणि २००६ चा फेब्रुवारी आला. टीव्हीवर नवापूरच्या बातम्या सुरू झाल्या. कोंबड्यांना बर्ड फ्लू झालाय, हजारो कोंबड्या खड्ड्यात पुरताहेत, पांढऱ्या कपड्यांतली, तोंडं बांधलेली माणसं गावात फिरताहेत. माणसालाही तो होऊ शकतो, असं सांगत होते. पाड्यावरच्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं. नवापूर कुठं, आपण कुठं.

मग आमची काळी कोंबडी माझ्याखालून बाहेर आली ती मान वाकडी करून. दाण्याकडे बघेना. भागूबाईनं तिला उचललं, तुरा बघितला, आणि सुरी मागितली.

“आई, आजारी आहे ती,” अश्लेषा म्हणाली.

“म्हनून तं. मेल्यावर कोन खातंय? जिती हाय तवर कापाची.”

“टीव्हीवर सांगतात, आजारी कोंबडीला हात पण लावू नका.”

“टीवीवाल्यांच्या घरान कोंबऱ्या हायत काय?” भागूबाई म्हणाली. “ही मानमोडी हाय. माज्या सासूच्या येलेपासून बगतंय मी. कोंबरी मरते, मानूस नाय मरत.”

भागूबाई खोटं बोलत नव्हती. मान मोडणारा तो रोग कोंबड्यांत नेहमीचा, आणि आजारी कोंबडी मरायच्या आत कापायची हीही पाड्याची जुनी रीत. गरम पाण्याचं घमेलं आलं, आणि खुशी रोजच्यासारखी आजीच्या मांडीला टेकून पिसं उपटायला बसली. ओली पिसं तिच्या गालाला चिकटली. आजीनं ती हातानंच पुसली.

दुसऱ्या दिवशी दोन कोंबड्या मेल्या. भागूबाईनं त्या खाजणात फेकून दिल्या. बदकं मात्र ठणठणीत. पंख झटकत, शेपट्या हलवत, आजूबाजूला काही घडलंच नाही अशी.

खुशी रडायला लागली. “मम्मी, आता फताडी पण मरणार?”

अश्लेषानं तिचे डोळे पुसले आणि मनाशी काहीतरी ठरवलं. मला विहिरीवर नेऊन तिनं घासून धुतलं, घरात आणलं, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, खुशीच्या पलंगापासून चार पावलांवर ठेवलं, आणि पाचही बदकं माझ्याखाली घातली. कोंबड्यांचा रोग बदकांना लागू नये, म्हणून. मित्रांनो, ही चूक भागूबाईची नव्हती, शेजाऱ्यापाजाऱ्यांची नव्हती. ती शिकलेल्या, पेपर वाचणाऱ्या अश्लेषाची होती, आणि लेकीच्या मायेपोटी झालेली होती. कोंबड्या मरताहेत आणि बदकं धडधाकट आहेत, म्हणजे जपायचं ते बदकांना, असं तिला वाटलं. कोणालाही वाटलं असतं. मलाही वाटलं. धुऊन स्वच्छ होऊन घरात बसताना मी तर फुशारलोच होतो.

चौथ्या दिवशी खुशीला ताप भरला.

अल्पेश तेव्हा कंपनीच्या कामाला सुरतेला गेलेला. अश्लेषा एकटीच तिला कडेवर घेऊन रिक्षानं माणिकपूरला गेली. परत आली ती पांढरीफटक. पोरीला निजवलं, माझ्याजवळ खाली बसली आणि सासूला म्हणाली, “आई, डॉक्टरांनी विचारलं, घरात कोंबड्या-बिंबड्या आहेत का. मी नाही म्हटलं.”

“का गो?”

“हो म्हटलं असतं तर तिला घेऊन गेले असते. वेगळ्या वॉर्डात ठेवतात, आईला पण आत सोडत नाहीत. ती तर माझा पदर धरल्याशिवाय झोपत पण नाही.”

भागूबाईनं थोडा विचार केला. “बरा केलास,” ती म्हणाली. पण म्हणताना तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं.

त्याच दुपारची ती गोष्ट, जिथून मी सुरुवात केली. ताटली वाजून गेली, घर पुन्हा शांत झालं, आणि थोड्या वेळानं अंगणात मोटारसायकल थांबली. गुरांच्या दवाखान्यातले सुधाकर डॉक्टर. पाड्यावर कोंबड्या मेल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. भागूबाई पडवीतच आडवी उभी राहिली.

“मावशी, तुमच्या कोंबड्या मेल्या म्हणे.”

“मुंगसानं नेल्या.”

“दोन दिवसांत तीन? भारी भुकेलं मुंगूस आहे.”

“आता त्याचा प्वाट मी काय मोजलंय?”

“बदकं होती ना तुमच्याकडे?”

“होती. नाताळाला दिली.”

टक्. टक्-टक्. आतून ताटली वाजली. मी अंग आक्रसून बसलो होतो, पण माझ्या फटी माझ्या हातात थोड्याच आहेत?

“मांजर हाय,” भागूबाई म्हणाली.

“चोचीचं मांजर,” डॉक्टर म्हणाले. ते हसले नाहीत. उन्हात फिरून फिरून त्यांचा चेहरा रापला होता. “मावशी, मी काही पोलीस नाही. एवढंच सांगा, घरात लहान मूल आहे? ताप-खोकला काही?”

“पोर हाय. चांगली हाय. निजलीय.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि ते गाडीकडे वळले. अश्लेषा आत पलंगाच्या कडेवर बसलेली. खुशीनं झोपेतच तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. अश्लेषानं ती मूठ एकेक बोट करून सोडवली. तेवढा वेळ तिला पुरला असावा. ती उठली, दारात गेली आणि म्हणाली, “डॉक्टर, तिला ताप आहे. सकाळपासून. आणि पाच बदकं आहेत, आत, डालग्याखाली.”

भागूबाईनं कपाळावर हात मारला आणि खाली बसली. “मानमोडी हाय ती,” ती पुटपुटली.

डॉक्टर रागावले नाहीत. आधी त्यांनी अश्लेषाला मुलीला घेऊन अंगणात यायला सांगितलं, मग स्वतः पडवीच्या पायरीवर बसून तिला समजावलं. ते जे बोलले ते मी पाठ करून ठेवलंय, कारण त्यातलं निम्मं माझ्याबद्दल होतं.

“हा रोग मुळात रानबदकांचा. त्यांच्या पोटात तो पाहुण्यासारखा राहतो. बदक खातं, पितं, उडतं, त्याला काही होत नाही. विष्ठेतून, लाळेतून मात्र तो बाहेर पडतो. तुमची बदकं त्यांच्यात पोहून येतात. ह्या घरच्या बदकांतलं एखादं मरतं, एखादं जसंच्या तसं दिसतं. आणि मग ती कोंबड्यांच्या ताटलीत पाणी पितात. कोंबडीला तो दोन दिवस देत नाही.”

“म्हणजे बदकं चांगली दिसतात, म्हणून…” अश्लेषा म्हणाली.

“चांगली दिसतात म्हणून चांगली असतीलच असं नाही. नसतील असंही नाही. तुमच्या सासूबाई म्हणतात तशी मानमोडीही असेल. बघून नाही सांगता येत, मलासुद्धा.”

“आणि माणसाला?”

“क्वचित होतो. नीट शिजवलेल्या कोंबडीनं, अंड्यानं नाही होत. आजारी पक्षी हाताळला, पिसं काढली, घाण झाडली, की होऊ शकतो. पण झाला तर साधा नसतो, छातीत उतरतो.” मग त्यांनी विचारलं, “मुलीनं पिसं काढली होती?”

अश्लेषानं मान हलवली. हो म्हणून. मग ओठातल्या शिताचंही तिनं सांगितलं.

“आत्ताच्या आत्ता पुन्हा डॉक्टरांकडे जा. सगळं सांगा,” सुधाकर डॉक्टर म्हणाले. “मी पाच वाजता येतो.”

ती गेली. सगळं सांगितलं. तिकडचे डॉक्टर आधी रागावले, मग त्यांनी खुशीच्या घशातला नमुना घेतला, औषध सुरू केलं, आणि वॉर्डात न ठेवता घरीच एका खोलीत ठेवायला सांगितलं. श्वास वाढला तर तडक मोठ्या हॉस्पिटलात. ज्या भीतीनं ती खोटं बोलली होती ते घडलंच नाही. हे भागूबाईला सांगताना ती हसायला गेली आणि रडली.

पाच वाजता सुधाकर डॉक्टर आले. खाजणात फेकलेल्या कोंबड्यांतल्या एकीचे आणि बदकांच्या घशातले, विष्ठेचे नमुने त्यांनी घेतले. ते लांब, दुसऱ्या राज्यातल्या प्रयोगशाळेत जाणार, अहवाल यायला आठ-दहा दिवस.

“तोवर दोन वाटा आहेत,” ते म्हणाले. “बदकं लांब, मागच्या गोठ्यात बंद ठेवायची. पण जो त्यांचं दाणापाणी करेल त्यानं मुलीजवळ जायचं नाही. अजिबात नाही. नाहीतर मी आज, इथेच, रीतसर ती संपवतो आणि पुरतो. जबरदस्ती नाही. तुमची लेखी संमती लागेल.”

“मी करतंय त्यांचा,” भागूबाई म्हणाली.

“आई, तुम्हाला दमा आहे.”

“मंग पोरीकडं मी बसतंय, तू बदकांकडं जा.”

अश्लेषानं आतल्या पलंगाकडे पाहिलं. तिनं शेजारच्या घरून सुरतेला फोन लावला. परत आली तेव्हा म्हणाली, “ते म्हणाले, तुला बरं वाटेल ते कर.” आणि मग कोणालाच न उद्देशून, “मला काय बरं वाटणार?”

एकीकडे तापानं फणफणलेली लेक, दुसरीकडे लेकीची बदकं. घरात हातीपायी धड अशी बाई एकच. तिनं कागद घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि सही केली.

मला अंगणात नेलं. डॉक्टरांनी पांढरे कपडे चढवले, हातमोजे घातले, तोंड बांधलं. टीव्हीवरची ती माणसं म्हणजे हेच आपले सुधाकर डॉक्टर होते तर. त्यांनी माझी एक कड उचलली आणि एकेक बदक अलगद काढलं. मी आजवर कितीदा उचललो गेलो असेन. माझी कड उचलली की सकाळ झाली, एवढंच आतल्यांना ठाऊक. चार बदकं गेली तशी गेली. फताडी मात्र कड उचलताच बाहेर आली आणि डुलत डुलत स्वयंपाकघराच्या दाराकडे चालू लागली. अश्लेषानं वाटेत उभं राहून तिला अडवलं. तिला हात लावायचा नव्हता, म्हणून नुसती पदर हलवत राहिली, आणि बदकीण तिच्या पायांशी थांबून वर बघत राहिली. डॉक्टरांनी मागून येऊन तिला उचललं.

गोठ्यामागे खड्डा खणला होता. चुना टाकला, माती लोटली. आत खुशी औषधाच्या गुंगीत झोपलेली होती.

माझ्यावर उग्र वासाचं औषध मारलं आणि मला कुंपणावर उन्हात टाकलं. “हे जाळायचं?” अश्लेषानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, “अहवाल येऊ दे. मग बघू.” कामट्यांच्या टोपलीसाठी थांबता आलं. मित्रांनो, त्या दहा दिवसांत मला उन्हापेक्षा ह्याचंच जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी खुशीचा ताप उतरला. घशाच्या नमुन्यात काही निघालं नाही. ऋतू बदलताना पोरांना येतो तसलाच तो ताप. उठल्या उठल्या ती कोपऱ्यात गेली. अश्लेषानं सांगितलं, बदकं आजारी होती, डॉक्टरकाकांनी नेली. खुशी दिवसभर जेवली नाही. दुसऱ्या दिवशी थोडं जेवली.

आज मी म्हातारा झालोय. माझ्या कामट्या पिचल्या आहेत. मी पुन्हा पडवीत उताणा पडून आहे, आणि आता माझ्यात कोणी काही ठेवत नाही. उपदेश करावा एवढा शहाणा मी नाही, पण तुम्ही लहान आहात आणि पक्षी तुम्हाला आवडतात, म्हणून विनवतो. मेलेला, मलूल झालेला पक्षी हातात घेऊ नका. मोठ्यांना सांगा आणि मोठ्यांना लपवू देऊ नका. कोंबड्या-बदकांना घराबाहेर त्यांची वेगळी जागा द्या, दोघांना वेगवेगळं पाणी द्या, त्यांच्याजवळून आलात की साबणानं हात धुवा. त्यांचे मुके घेऊ नका. ह्यात प्रेम कमी होत नाही. आणि डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा, पहिल्याच वेळी सांगा. आमच्या घरी ते एक दुपार उशिरा सांगितलं गेलं.

एक सांगायचं राहिलं. त्या दहाव्या दिवशी सुधाकर डॉक्टर अहवाल घेऊन आले. मी कुंपणावरून सगळं ऐकलं. कोंबड्या मानमोडीनं मेल्या होत्या. बदकांत काहीही निघालं नाही.

“म्हनजे माजाच खरा झाला,” भागूबाई म्हणाली. पण त्या म्हणण्यात जिंकल्याचा सूर नव्हता. ती पदर तोंडाशी धरून आत निघून गेली.

“त्या दिवशी हे कोणालाच माहीत नव्हतं, ताई,” डॉक्टर अश्लेषाला म्हणाले. “उद्या पुन्हा तसाच दिवस आला तरी मी तुमच्यापुढे ह्याच दोन वाटा ठेवीन.”

डॉक्टर गेले. पायरीवर खुशीला पुढ्यात घेऊन अश्लेषा वेणी घालायला बसली.

“मम्मी, काका म्हणाले बदकं आजारी नव्हती.”

“हो, बाळा.”

“आजारी मी होते.”

“हो. तू होतीस.”

“आणि मला काय झालंय ते तुला माहीत नव्हतं?”

“नव्हतं गं.”

अश्लेषानं तिसरा पेड हातात घेतला, दोनदा वळवला. तेवढ्यात पोरीनं मान मागे वळवली, सगळी वेणी सुटली, आणि आईच्या डोळ्यांत बघून तिनं विचारलं, “मग माझ्यासाठी थांबलीस, तशी त्यांच्यासाठी का नाही थांबलीस?”